पीएलजीएचं आदण

प्रोस्टेटच्या कर्करोगात वापरलं जाणारं ल्युप्रोलाइड हे नऊ अमिनो आम्लांचं लहानसं पेप्टाइड. मेंदूतून येणारं मूळ संप्रेरक शरीरात तास-दीड तासाने, ठोके पडावेत तसं येतं आणि पिट्युटरी ग्रंथी त्या ठोक्यांनाच दाद देते. ल्युप्रोलाइडसारखा त्याची नक्कल करणारा रेणू सतत, न थांबता हजर ठेवला की ग्रंथी पहिले एक-दोन आठवडे चवताळते, टेस्टोस्टेरॉन वर जातं आणि मग ती गप्प होते. तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली येतं. म्हणजे इथे औषध 'हळूहळू सुटणं' ही रुग्णाची सोय नाही, तोच उपचार आहे. मधेच चार दिवस सुटणं थांबलं तर ग्रंथी पुन्हा जागी व्हायची भीती.

महिन्यातून एकदा टोचायचं ल्युप्रोलाइडचं मायक्रोस्फियर (औषध कोंडलेले बारीक गोल कण) इंजेक्शन अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगासाठी १९८९ मध्ये मंजूर झालं. त्याच्या कुपीतला हिशेब असा: औषध ७.५ मिलिग्रॅम, जिलेटिन १.३, पीएलजीए (औषध धरून ठेवणारा पॉलिमर) ६६.२ आणि मॅनिटॉल १३.२ मिलिग्रॅम. मॅनिटॉल बाजूला ठेवलं तर कणात औषधाचा वाटा बरोबर १० टक्के येतो. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही कण करायला घेतले ते हाच १० टक्क्यांचा आकडा समोर ठेवून. हे कण रुग्णासाठी नव्हते. निर्जंतुक खोली नाही, आणि हा माल ऑटोक्लेव्हमध्ये घालताच येत नाही, वाफेत पॉलिमरच मोडतो. उद्देश एवढाच की पद्धत हाताखाली यावी आणि महिनाभराचं सुटणं कुठे बिघडतं ते कळावं. कृती शोधनिबंधांत आहेच. ती इथल्या एप्रिलमध्ये आणि इथल्या जुलैमध्ये कशी वागते, ते मात्र करूनच कळलं.

पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांची साखळी. पाण्यात ती तुटत जाते आणि शेवटी त्याच दोन आम्लांवर येते, जी शरीराला ओळखीची आहेत. लॅक्टिकचा वाटा ५० टक्के असेल तर लवकर तुटते, ७५ असेल तर सावकाश. साखळी जितकी आखूड तितकी घाई जास्त. आम्ही ७५:२५ घेतला, रेणुभार १५ हजारांच्या आत, टोकाला मोकळं आम्ल असलेला. मोकळ्या आम्लाचं टोक मुद्दाम. ल्युप्रोलाइडमधलं आर्जिनिन त्याला धरून बसतं आणि पेप्टाइड बाहेरच्या पाण्यात कमी पळतं. एस्टरने झाकलेल्या टोकाचा पॉलिमर वापरलेला एक घाणा झाला, त्यात आत राहिलेलं औषध स्पष्ट कमी भरलं.

पॉलिमरची बाटली २ ते ८ अंशांवर ठेवायची असते. फ्रिजमधून काढून लगेच झाकण उघडणं ही सगळ्यात स्वस्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. जुलैत इथे हवा इतकी ओली असते की गार पावडरीवर दव धरतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बाटली पुन्हा आत जाते आणि पाणी आतल्या आत साखळी तोडत राहतं. दोन महिन्यांनी त्याच बाटलीतून केलेले कण २८ दिवसांऐवजी १९ दिवसांत रिकामे होतात आणि माणूस दोष शोधतो स्टररमध्ये. आता बाटली आली की पहिलं काम म्हणजे तिला डेसिकेटरमध्ये बसवून खोलीच्या तापमानाला आणणं, त्याला तास-दीड तास लागतो. मग नायट्रोजनखाली एकेका घाण्यापुरत्या लहान काचकुप्यांत वाटणं. एक कुपी, एक घाणा. उरलेलं परत ठेवायचं नाही.

एका घाण्याचं माप असं ठरलं. पीएलजीए ४५० मिलिग्रॅम, तो विरघळवायला डायक्लोरोमिथेन हे द्रावक १.२ मिलिलिटर. आतलं पाणी, म्हणजे या द्रावणात थेंबांनी मिसळायचं, ०.२५ मिलिलिटर, त्यात ल्युप्रोलाइड अॅसिटेट ५० आणि जिलेटिन ९ मिलिग्रॅम. बाहेरचं पाणी, म्हणजे ज्यात ते मिश्रण सोडून कण करायचे, २५० मिलिलिटर, त्यात ०.२५ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि ०.९ टक्के मीठ.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आदल्या दिवशी करून ठेवायचं. ८७ ते ८९ टक्के हायड्रोलाइज्ड प्रतीचं घ्यायचं. थंड पाण्यात भुरभुरवत टाकायचं, अर्धा तास फुगू द्यायचं आणि मग ८५ अंशांपर्यंत नेऊन तासभर हलवायचं. थेट गरम पाण्यात टाकलं की पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात, वरून विरघळलेल्या आणि आतून कोरड्या. गार झाल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. न गाळलेल्या द्रावणातल्या बारीक गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली कणांसारख्याच गोल दिसतात आणि मोजणीत घुसतात. मीठ चवीपुरतं नाही. बाहेर मीठ नसेल तर आतल्या थेंबातल्या औषधामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, थेंब फुगतात आणि कण भोकाभोकांचा होतो.

महागडं पेप्टाइड उघडण्याआधी चार-पाच घाणे नुसत्या रंगावर काढावेत, हा आमचा ठाम सल्ला. मिठाईवाले वापरतात तो खाण्याचा निळा रंग आतल्या पाण्यात घालायचा. तो डायक्लोरोमिथेनमध्ये उतरत नाही. कण तयार होताना बाहेरचं पाणी निळं होत गेलं तर तुमचं औषधही त्याच वाटेने जाणार. पाणी पांढरं दुधाळ आणि तळाशी बसलेले कण निळे, असं दिसेपर्यंत हात बसवावा. मेथिलीन ब्लू नको, ते थोडं डायक्लोरोमिथेनमध्येही जातं आणि फसवतं.

डायक्लोरोमिथेनबद्दल आधी सांगायला हवं. प्रयोगशाळेतले नेहमीचे नायट्राइल हातमोजे ते एक-दोन मिनिटांत पार करतं. मोजा कोरडा दिसतो आणि बोटं गार पडतात, ती खूण. थेंब उडाला की मोजा बदलायचा, पुसायचा नाही. पॉलिस्टायरीनच्या डिशा, प्लास्टिकचे पिपेट त्यात विरघळतात आणि इंजेक्शनच्या साध्या सिरिंजचा रबरी दट्ट्या फुगून अडकतो. त्यामुळे सगळं काचेचं किंवा टेफ्लॉनचं. काम फ्यूम हूडमध्येच. ल्युप्रोलाइड स्वतः संप्रेरकांशी खेळणारं औषध आहे, म्हणून वजन करताना मास्क, आणि गरोदर सहकाऱ्याने त्या खोलीत येऊ नये.

पहिलं इमल्शन, म्हणजे पॉलिमरच्या द्रावणात आतल्या पाण्याचे बारीक थेंब, पाच मिलिलिटरच्या काचकुपीत. जिलेटिन ५० अंशांच्या पाण्यावर विरघळवायचं, थोडं निवल्यावर त्यात औषध घालायचं. पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये वेगळा विरघळवायचा, झाकण घट्ट ठेवून. उघडा ठेवला तर पाच मिनिटांत १.२ चे ०.९ मिलिलिटर होतात आणि पुढचा सगळा हिशेब बदलतो. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. डायक्लोरोमिथेन उडताना कुपी गार पडते, हवेतलं पाणी आत उतरतं आणि स्वच्छ द्रावण धुरकट दिसायला लागतं. धुरकट झालं की टाकून द्यायचं, तसंच पुढे नेलेल्या घाण्याचं कधी भलं झालं नाही.

मग कुपी बर्फात, आतलं पाणी पॉलिमरमध्ये, आणि सोनिकेटरचं (ध्वनिलहरींनी मिसळणाऱ्या यंत्राचं) तीन मिलिमीटरचं टोक. दीड मिलिलिटर मालात जाडं टोक बुडतच नाही, नुसते शिंतोडे उडवतं. पाच सेकंद चालू, तीन सेकंद बंद, असं चार वेळा. सायीसारखं दाट पांढरं इमल्शन व्हायला हवं. काचपट्टीवर ४० च्या भिंगातून पाहिल्यावर आतले थेंब जेमतेम ठिपक्यांसारखे दिसले पाहिजेत; गोल, मोठे बुडबुडे दिसत असतील तर आणखी एक फेरी. त्यापेक्षा जास्त फिरवलं तर माल तापतो. बर्फातून काढून तो १८ अंशांवर आणायचा. जिलेटिन इथे कामाला येतं: गार झालं की आतला थेंब घट्ट होतो आणि शेजारच्या थेंबात मिसळत नाही. एप्रिलच्या दुपारी खोली ३४ वर असताना बर्फ न वापरता ते घट्ट होईल ही आशा सोडावी.

आता जे होतं ते दहा मिनिटांत होतं, आणि महिनाभराचं सुटणं बहुतेक इथेच ठरतं.

पाचशे मिलिलिटरच्या उंच बीकरमध्ये बाहेरचं पाणी १५ अंशांवर ठेवलेलं. होमोजिनायझरचं (वेगाने फिरून थेंब बारीक करणाऱ्या यंत्राचं) डोकं मधोमध नाही, थोडं बाजूला आणि दोन तृतीयांश खोल. मधोमध ठेवलं की भोवरा पडतो, हवा ओढली जाते आणि फेस वर येतो. वेग मिनिटाला ४,००० फेरे. पहिलं इमल्शन काचेच्या सिरिंजमध्ये घेऊन, १८ गेजच्या बोथट सुईने, फिरत्या डोक्याच्या अगदी जवळ वीस सेकंदांत सोडायचं. वरून ओतायचं नाही. ओतलेला माल पृष्ठभागावर पसरतो, तिथेच त्याची कातडी धरते आणि कणांऐवजी फाटक्या चिंध्या तरंगतात. सोडून झाल्यावर एक मिनिट, बस.

या वेगावर बहुतेक कण २० ते ३० मायक्रॉनच्या आसपास येतात. वेग वाढवून ८,००० केला की पाचच्या जवळ घसरतात. दिसायला सुंदर, एकसारखे, पण निरुपयोगी. पृष्ठभाग वाढल्यामुळे पहिल्या दिवशी एकदम सुटणाऱ्या औषधाचा लोंढा वाढतो आणि दहा मायक्रॉनच्या आतले कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळू शकतात. नवीन मुलांना बारीक कण म्हणजे चांगला कण असं वाटतं. ते नॅनोकणांचं वाचून आलेलं असतं. इथे काम वेगळं आहे, कण जागेवर महिनाभर बसला पाहिजे.

होमोजिनायझर थांबला की कण झालेले नसतात, फक्त मऊ थेंब झालेले असतात. आत डायक्लोरोमिथेन आहे, ते बाहेरच्या पाण्यात उतरतं आणि तिथून हवेत उडतं. पाणी लिटरमागे साधारण १३ ते २० ग्रॅम डायक्लोरोमिथेन धरतं. आपलं १.२ मिलिलिटर म्हणजे १.६ ग्रॅम. बाहेर ८० मिलिलिटर पाणी असेल तर ते जवळजवळ तृप्त होतं, पुढचं सगळं हवेत उडण्याच्या गतीवर अवलंबून, आणि तेवढ्या वेळात मऊ थेंबातून औषध निसटत राहतं. सुरुवातीला पाणी वाचवायच्या नादात आम्ही हेच केलं होतं. २५० मिलिलिटर पाणी ३ ते ५ ग्रॅम सहज घेतं, म्हणून थेंब लवकर आवळला जातो. पण लवकर आवळणं पॉलिमर दाट असेल तरच चांगलं. दहा टक्क्यांच्या पातळ द्रावणावर तोच प्रयोग केला तर बाहेर कातडी धरते, आतलं द्रावक वाट काढताना ती फोडतं आणि कण चाळणीसारखा होतो किंवा सुकलेल्या बोरासारखा पिचकतो. आमचं द्रावण सदतीस टक्क्यांच्या घरात आहे ते याचसाठी.

तापमानाचं कोल्हापुरी गणित इथे येतं. डायक्लोरोमिथेन समुद्रसपाटीला ३९.६ अंशांना उकळतं. शहर साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे ते ३८ च्या आसपासच उकळायला लागतं. एप्रिलमध्ये बाहेर पारा तिथेच असतो. बाहेरचं पाणी ३२-३३ अंशांवर ठेवून केलेल्या घाण्यात थेंबाच्या आतच वाफेचे बुडबुडे झाले. कण पाण्यावर तरंगले, भिंगाखाली लाह्यांसारखे: फुगलेले, पोकळ, एका बाजूला फुटलेले. त्यांच्यात औषध नव्हतंच असं नाही, पण पहिल्या चोवीस तासांत निम्म्याच्या आसपास बाहेर आलं. तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम सकाळी सातला सुरू होतं. डिसेंबरात मात्र दिवसभर केव्हाही करा, खोलीच आपल्या बाजूने असते.

बीकर आता ओव्हरहेड स्टररखाली, ३०० फेरे, पहिला अर्धा तास १५ अंशांवर, मग हळूहळू २५ पर्यंत, एकूण तीन तास. बीकर झाकायचा नाही, हूड चालू. चुंबकी स्टररची गोळी वापरू नये; ती तळाशी बसलेले कण जात्यासारखी भरडते आणि चाळताना बारीक भुगा हाती येतो. पात्यासाठी बाजारातली तयार दांडी आमच्या बीकरला लांब पडत होती. उद्यमनगरात लेथवाल्याकडून ३१६ स्टीलची आखूड दांडी आणि टेफ्लॉनचं पातं वळवून घेतलं. तिथल्या माणसांना 'कडा घासायला नको, पॉलिश पाहिजे' एवढं सांगितलं तरी पुरतं.

कधी थांबायचं? गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो आणि मगच आदण उतरवतो. इथेही घड्याळापेक्षा तशीच चाचणी खात्रीची. एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवून हलकं दाबायचं. कच्चा कण अंडाकृती होतो आणि सुकल्यावर पसरून पारदर्शक डाग पडतो. झालेला कण गोलच राहतो, स्लिप सरकवली तर घरंगळतो. तीन तासांनीही डाग पडत असेल तर आणखी तासभर. डायक्लोरोमिथेन आत राहिलं तर पॉलिमर मऊ राहतो आणि पुढे सुकवताना सगळं एकमेकांना चिकटतं.

चाळणं आणि धुणं. २०० मेशची, म्हणजे ७५ मायक्रॉनची स्टीलची चाळण वर. तिच्यावर राहिलं ते टाकायचं. खालचं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फक्त १,००० फेऱ्यांवर तीन मिनिटं, म्हणजे मोठे कण बसतात आणि धूळ वरच्या पाण्याबरोबर जाते. जोरात फिरवून घट्ट गोळा केला तर तो पुन्हा सुटत नाही. असं तीन वेळा, गार पाण्याने. गार यासाठी की हा पॉलिमर सुका असताना ४०-४५ अंशांना काचेसारखा कडकपणा सोडतो, पण ओला आणि थोडं द्रावक आत असताना ती हद्द बरीच खाली येते. उन्हाळ्यात नळ-तापमानाच्या पाण्याने धुतलेला एक घाणा दहा मिनिटांत एकजीव झाला, गुळाच्या ढेपेसारखा. फोडून काही उपयोग नसतो.

सुकवणं फ्रीझ ड्रायरवर. कणांच्या वजनाच्या १८ टक्के मॅनिटॉल तीन मिलिलिटर पाण्यात घालून त्यात कण, आणि झटकन गोठवणं. मॅनिटॉल कणांच्या मधे उभं राहतं, ते चिकटत नाहीत आणि नंतर पाणी घातल्यावर सुटे होतात. झटकन गोठवायला द्रव नायट्रोजन लागतो, आणि तो मिळवायला पुण्याला जायची गरज नाही. हा दुधाचा जिल्हा, म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात, त्यामुळे तो भरून देणारे इथेच आहेत. कुपी त्यात सरळ बुडवायची नाही, तळ तडकतो. तिरकी धरून फिरवत आत न्यायची, म्हणजे माल काचेवर पातळ थरात गोठतो. खिडक्या उघड्या.

अठ्ठेचाळीस तास. पहिले तीस तास शेल्फ उणे २५ वर, मग हळूहळू २० पर्यंत; ३० च्या वर न्यायचं नाही. मे महिन्यात या टप्प्याचा खरा शत्रू वळवाचा पाऊस. चार वाजता आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि वीज जाते. पंप थांबला की पोकळी जाते, बर्फ वितळतो आणि भुसभुशीत पांढऱ्या केकची चिवट वडी होते. आता पंपाला इन्व्हर्टर आहे आणि वीज गेल्यावर पंपाकडची झडप आपोआप बंद होते. ती झडप नसेल तर पंपाचं तेल उलटं ड्रायरमध्ये चढतं आणि तीन दिवस साफसफाईत जातात.

हाती येतात ३०० ते ३५० मिलिग्रॅम कण, मॅनिटॉल सोडून. उरलेलं होमोजिनायझरच्या फटीत, चाळणीवर आणि धुण्याच्या पाण्यात गेलेलं असतं. एवढ्या लहान घाण्यात यापेक्षा जास्त मिळालं तर आनंद मानण्याआधी वजन पुन्हा करावं, बहुधा पाणी राहिलेलं असतं.

औषध किती आत गेलं ते काढताना दहा मिलिग्रॅम कण एक मिलिलिटर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून पीएच ६ च्या फॉस्फेट बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) तीन वेळा औषध काढून घ्यायचं. एकदाच काढलं तर आकडा खोटा कमी येतो, कारण आम्लाचं टोक औषध सोडायला तयार नसतं. मग एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचं, सी-१८ कॉलम, २२० नॅनोमीटरला. कागदावर ५०९ मध्ये ५० म्हणजे ९.८ टक्के. प्रत्यक्ष ७.७ सापडलं तर आत राहण्याचं प्रमाण साधारण ७८ टक्के. वजन घेताना मॅनिटॉलचा वाटा वजा करायला विसरणं ही दरवर्षी होणारी चूक.

सुटण्याच्या चाचणीत खूप जण फसतात, म्हणून थोडं सविस्तर. पन्नास मिलिग्रॅम कण, पीएच ७.४ चा फॉस्फेट बफर ५० मिलिलिटर, ०.०२ टक्के ट्वीन ८०, ०.०२ टक्के सोडियम अझाइड, ३७ अंश, हलका हलणारा शेकर. ट्वीन नसेल तर कण पाण्यावर कोरडेच तरंगतात आणि वाटतं सुटणं फार संथ आहे. अझाइड नसेल तर आठव्या दिवशी बफर गढूळ होतो. अझाइड विषारी आहे. ते सिंकमध्ये ओतलं तर तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साठतात आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. वेगळ्या बाटलीत, नाव लिहून.

नमुने एक तास, एक दिवस, तीन, सात, चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस दिवसांनी. सुरुवातीला आम्ही बाहेरच्या बफरमधलं औषध मोजत होतो आणि बेरीज ७० टक्क्यांवर येऊन थांबायची. उरलेलं तीस कुठे गेलं याचा शोध कणांत घेतला तर तिथेही नाही. कारण ल्युप्रोलाइड ३७ अंशांच्या बफरमध्ये आठवडाभर राहिलं की स्वतःच मोडतं. बाहेर आलेलं औषध मोजायला बसेपर्यंत ते औषध राहिलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक दिवसासाठी वेगळी कुपी ठेवून, त्या दिवशी कण गाळून, आत उरलेलं औषध मोजायचं. कुप्या सातपट लागतात, पण आकड्यावर विश्वास ठेवता येतो. पीएचही प्रत्येक वेळी बघायचा. पॉलिमर तुटून आम्ल सुटतं, बफर कमी किंवा पातळ असेल तर तिसऱ्या आठवड्यात पीएच सहाच्या खाली उतरतो आणि मग कण शरीरात मोडले नसते इतक्या वेगाने मोडतात. कणाच्या पोटात तर बफर पोचतच नाही, तिथे आम्लता याहून बरीच जास्त असते. वीज गेल्यावर शेकरचं पाणी किती वेळ गार राहिलं याची नोंद करणारा छोटा लॉगर आत सोडून ठेवावा, नाहीतर चौदाव्या दिवसाचा खड्डा औषधाचा की वळवाचा हे सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी दहा टक्क्यांच्या आत सुटणं ही आम्ही स्वतःला घातलेली मर्यादा. ती ओलांडली की कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक निघालं: बाहेरचं पाणी कोमट होतं, पहिलं इमल्शन भरड होतं, किंवा धुणं अर्धवट झालं आणि पृष्ठभागावरचंच औषध उतरलं. तिसरं कारण ओळखणं सोपं. असा घाणा पहिल्या तासातच सगळा लोंढा देतो आणि मग शांत होतो. पोकळ कणांचा लोंढा दिवसभर चालू राहतो.

एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) कण विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात न्यायचे. सोन्याचा मुलामा, ५ किलोव्होल्ट आणि भराभर फोटो. १५ किलोव्होल्टवर एका कणावर फोकस लावत बसलं तर तो डोळ्यांदेखत फुगून तडकतो, आणि ती भेग आपल्या कृतीतली समजून महिनाभर माणूस हैराण होतो.

उरलेलं डायक्लोरोमिथेन औषधात ६०० पीपीएमच्या आत असावं लागतं. आमचे पहिले घाणे गॅस क्रोमॅटोग्राफवर त्याच्या वर गेले. शेवटचं सुकवणं २० अंशांवर आणखी बारा तास लांबवल्यावर ते खाली आले. वापरलेलं द्रावक क्लोरिनयुक्त कचऱ्याच्या बाटलीत जातं आणि ती अधिकृत विल्हेवाटीला. धुण्याचं पाणीसुद्धा, कारण त्यात विरघळलेलं डायक्लोरोमिथेन असतं आणि शहराचं सांडपाणी शेवटी पंचगंगेच्या वाटेला लागतं.

आणि सुई. ७.५ मिलिग्रॅम औषध मिळायला आमच्या ७.७ टक्क्यांच्या हिशेबाने ९७ मिलिग्रॅम कण लागतात, वर मॅनिटॉल. ते एका मिलिलिटर द्रवात: सोडियम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ५ मिलिग्रॅम, मॅनिटॉल ५०, ट्वीन ८० एक मिलिग्रॅम. २३ गेजच्या सुईचं आतलं भोक ०.३३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या कणाच्या दहापट, तरी अडकते. कारण एक कण अडत नाही, दाटीने आलेले चार-पाच मिळून कमान बांधतात. सिरिंज हलवून लगेच, एका दमात, दाब न सोडता ढकलली तर जाते. हलवून दोन मिनिटं टेबलावर ठेवली की कण खाली बसतात आणि सुईच्या तोंडाशी बूच होतं. तेव्हा जोर लावायचा नाही. दट्ट्या थोडा मागे घ्यायचा, सिरिंज आडवी धरून तळव्यांत फिरवायची आणि पुन्हा ढकलायचं. सलग दहा सिरिंजपैकी एकाहून जास्त अडकल्या तर तो घाणा आम्ही ७५ च्या जागी ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून पुन्हा काढतो.